हौद्यात किती, उतारावर किती?

प्रश्न : काका, आम्ही नवरा-बायको आता कायमचे शेतावर राहायला आलोय. तीस एकर जागा आहे, निम्मी सपाट, निम्मी उताराची, मधून ओढा जातो. कुंपणाचे खांब नेणं, जनावरांना चारा टाकणं, तोडलेली लाकडं आणणं, तणावर फवारणी करणं ही रोजची कामं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात आणि मागे छोटा हौदा असतो, तशी यूटीव्ही घ्यायचं ठरलंय. एक मॉडेल जवळजवळ पक्कं आहे. तिची एकूण भारक्षमता 600 किलो आहे आणि त्यातली हौद्याची 400. फवारणीचा 400 लिटरचा संच, काचा-दारांची बंद केबिन, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच, हत्यारांची पेटी, दिव्यांची पट्टी हे सगळं घेतानाच बसवून घ्या, असं विक्रेता म्हणतो. आमचं अडलंय फक्त इंजिनावर. मोठं घ्यावं का?

उत्तर : ताई, इंजिनाचं नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक वस्तूसमोर तिचं वजन लिहा. मी तुमच्यासाठी अंदाजाने लिहून बघितलं.

पाणी लिटरमागे एक किलो, म्हणजे 400 लिटरचे 400 किलो. टाकी, पंप आणि फवाऱ्याच्या दांड्या धरून आणखी 60. इथेच 460 झाले आणि हौद्याची मर्यादा 400 ची आहे. तुम्ही दोघं मिळून 150 धरा. काचा-दारांच्या केबिनचे 110, विंच आणि तिच्या पाटीचे 30, भरलेल्या पेटीचे 40. बेरीज 790 किलो. म्हणजे एकही खांब न टाकता गाडीवर 190 किलो जास्तीचे. तुम्ही विचारलेलं मोठं इंजिन हे वजन ओढेलही. पण ब्रेक, पाटे, बेअरिंग, टायर आणि चासी 600 किलोच्याच राहतात. गाडी चढावर गेली म्हणून ती उतारावर थांबेलच असं नाही.

पुस्तिकेत एकूण भारक्षमता लिहिलेली असते, त्यात चालक आणि शेजारचा माणूस बहुतेक वेळा धरलेला असतो. तरी तुमच्या मॉडेलची ओळ स्वतः वाचा. नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू त्याच आकड्यातून वजा होते. विकणारा ही वजाबाकी करून देत नाही, ती तुम्हालाच करायची आहे.

आता तोच कागद उलटा करून लिहू. टाकी 200 लिटरची, पाणी-पंपासह 240 किलो. माणसं 150. बंद केबिनऐवजी छप्पर आणि पुढची काच, 35 किलो. विंच 30, हत्यारं 25. बेरीज 480. हातात 120 किलो शिल्लक राहतात, त्यात दोराचं भेंडोळं, पाण्याचे कॅन, वाटेत सापडलेलं कोकरू असं सगळं मावतं. फवारणीच्या दोन फेऱ्या जास्त होतील, त्या होऊ द्या.

टाकीबद्दल अजून एक सांगायचंय, आणि ते मी अंगावर घेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी मी फवारणी संपवून उताराला आडवा येत होतो. टाकी अर्ध्यावर आली होती. भरलेली असताना त्याच वाटेने दोनदा गेलो होतो, म्हणून मनात काही आलं नाही. मध्येच वरच्या बाजूचं चाक एका दगडावर चढलं, गाडी जराशी कलली, आणि टाकीतलं सगळं पाणी एकदम खालच्या बाजूला धावलं. पाठीमागे पाण्याचा धप्प आवाज झाला तो आजही आठवतो. वरची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. मी सुकाणू उताराच्या दिशेला वळवलं म्हणून गाडी परत चार चाकांवर आली. शेजारी माझा पुतण्या बसला होता, पट्टा लावलेला. त्या दिवसापासून मी आतून आडवे पडदे नसलेली टाकी कुणाला बसवून देत नाही. भरलेल्या टाकीत पाणी हलायला जागा नसते आणि रिकाम्या टाकीत पाणीच नसतं. खरी भीती अर्ध्या टाकीची. पडदे असोत वा नसोत, उतारावर सरळ वर जा, सरळ खाली या, आडवं जाऊ नका.

पट्ट्याचं मुद्दाम लिहितो. डोक्यावरचा लोखंडी सांगाडा गाडी उलटली तर तुम्हाला वाचवतो, पण तुम्ही त्याच्या आत असाल तरच. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच सांगाडा त्याच्यावर येतो. गाडी कलंडायला लागली की हात किंवा पाय बाहेर काढून तोल सावरावासा वाटतो. ते करू नका, हात सुकाणूवर आणि पाय आत ठेवा. हौद्यात माणूस बसवायचा नाही, लहान मूल तर नाहीच, घरापासून फाटकापर्यंतसुद्धा नाही. ऑस्ट्रेलियात शेतावरच्या क्वाड बाइकखाली, म्हणजे घोड्यासारखं वर बसून चालवायच्या चारचाकी मोटरसायकलीखाली, इतकी माणसं चिरडली गेली की 2021 च्या ऑक्टोबरपासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या शेतीच्या क्वाड बाइकला मागे संरक्षक कमान असणं सक्तीचं केलं. तुम्ही क्वाडऐवजी सांगाडा आणि पट्टे असलेली गाडी निवडलीत, ते मला फार बरं वाटलं.

गाडी बघायला जाताना तीन मापं घेऊन जा. तुमच्या सगळ्यात अरुंद फाटकाची रुंदी, झाडांच्या सगळ्यात जवळच्या दोन ओळींमधलं अंतर आणि गाडी ठेवायच्या शेडच्या दाराची उंची. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर उनिमोग आली, तेव्हा तिच्या चाकांमधलं अंतर 1270 मिलिमीटर ठेवलं होतं, कारण बटाट्याच्या दोन ओळींना ते बरोबर बसत होतं. तिथे गाडी शेताच्या मापाने बनवली होती. आपल्याला तयार गाड्यांतून निवडायची आहे, म्हणून माप आपण न्यायचं.

चालवून बघताना रिकामी गाडी सपाट जागेवर पळवून काही कळत नाही. हौद्यात वजन टाकायला सांगा, आणि जो मिळेल त्या उतारावर लो गिअरमध्ये खाली या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी स्वतःला धरून ठेवते, की मोकळी सुटते? यूटीव्हीत बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आधी दोन पुल्या आणि त्यांवर एक रबरी बेल्ट असतो, सीव्हीटी म्हणतात ती. नेदरलँडच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोटारीत आणली. चालवायला ती फार सोपी, क्लच नाही, गिअर सतत बदलायचे नाहीत. पण काही गाड्यांत इंजिनाचे फेरे कमी झाले की पुली बेल्ट सोडून देते आणि उतारावर इंजिनाचा धर जातो. मग सगळा भार ब्रेकवर. तुमची निम्मी जागा उताराची आहे, त्यामुळे इंजिन ब्रेकिंग नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी परत करा.

हा बेल्ट कसा मरतो ते मी दर महिन्याला पाहतो. झाकण उघडलं की आधी करपलेल्या रबराचा वास येतो. बेल्ट हातात घेऊन फिरवला की बाकी सगळीकडे जाडी सारखी आणि एकाच ठिकाणी बोटभर लांबीचा खड्डा, कडा काचेसारख्या गुळगुळीत. ह्याचा अर्थ गाडी एका जागी अडकलेली असताना हाय गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला होता. चाकं फिरत नव्हती, बेल्ट फिरत नव्हता, पुली मात्र एकाच जागी घासत होती. ओझं असेल, चढ असेल, ट्रॉली असेल किंवा वेग माणसाच्या चालीएवढाच असेल तर लो गिअर टाका. एक जादा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं गाडीत ठेवा, आणि पहिल्यांदा तो शेडमध्ये सावकाश बदलून बघा. ओढ्यातून जाताना झाकणात पाणी शिरलं तर बेल्ट घसरतो, गाडी नुसती गुरगुरते. झाकणाच्या तळाला निचऱ्याचं बूच असतं ते काढा, गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन थोडं फिरवा, पाणी उडून जातं.

डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडून फिरवणारी कळ, उघडता-बंद करता येतो का ते विचारा. चिखलात तो लागतोच. पण कोरड्या कडक जमिनीवर लॉक ठेवून वळलात तर आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरायला बघतात, गवत मुळासकट उपटून येतं आणि ॲक्सलवर ताण बसतो.

विंच घ्या, ओढा आहे तर लागेलच. गाडी आणि तिच्यावरचं ओझं मिळून जे वजन होईल त्याच्या दीडपट ताकदीची. तुमची गाडी रिकामी 700 किलोची असेल तर भरून 1300, म्हणजे विंच साधारण 2000 किलोची. पाटीवरचा हा आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाचा असतो, वर थर असतील तसा जोर कमी होत जातो. म्हणून शक्य तेवढा दोर सोडून ओढा, ड्रमवर निदान पाच-सहा वेढे, आणि कृत्रिम धाग्याचा दोर असेल तर आठ-दहा, राहू देऊन. सोबत एक कप्पी ठेवा. दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत गाडीला अडकवला की वेग निम्मा होतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट. झाडाला पट्टा गुंडाळा, उघडा दोर गुंडाळू नका, साल कापली जाते. मी स्टीलऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर सुचवतो. तो हलका असतो आणि तुटला तर स्टीलच्या तारेसारखा जोराने फटका मारत नाही. मात्र उन्हाने आणि दगडावर घासून तो खराब होतो, म्हणून दर हंगामाला पूर्ण उलगडून बघा. ताणलेल्या दोरावरून कुणीही ओलांडायचं नाही आणि ओढ ज्या रेषेत आहे तिच्यात उभं राहायचं नाही.

विंचवर पूर्ण ताण आला की ती शंभर-दोनशे अँपिअर खाते. गाडीतलं चार्जिंग त्याच्या जवळपासही जात नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. इंजिन चालू ठेवा, थोडं ओढा, थांबा, परत ओढा. दिव्यांची पट्टी 120 वॉटची असेल तर बारा व्होल्टवर ती दहा अँपिअर घेते, फवारणीचा पंपही तेवढे घेऊ शकतो. प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि दिव्याला रिले, म्हणजे जास्त करंट सांभाळणारा स्विच, लावून घ्या. वायर घासू शकेल तिथे नळी चढवा. शेतातल्या गाड्यांना लागलेल्या आगी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची दोन कारणं मला सतत दिसतात. एक घासलेली वायर, दुसरं सायलेन्सरवर साठलेलं वाळलं गवत. खालची संरक्षक पाटी काढून तिथे हात घाला, कधीकधी घमेलंभर काडीकचरा निघतो. अग्निशामक सीटच्या बाजूला, उतरल्यावर बाहेरून हात पोचेल असा लावा. सीटखाली इंजिनाजवळ ठेवलेला आग लागल्यावर घेता येत नाही.

बाकीचं सामान एक हंगाम थांबून घ्या. गाडी पावसात, धुळीत, उन्हात चालवा. मगच कळेल की खरंच केबिन हवी होती, की धुळीसाठी नुसती मागची काच पुरते. पहिल्या दिवशी माझ्या हिशेबाने एवढंच बसवा : छप्पर, पुढची काच, विंच, खालच्या संरक्षक पाट्या, आणि सहा किंवा आठ प्लायचे, म्हणजे थरांचे, टायर. काटेरी जमीन असेल तर टायरला हात आखडू नका. पंक्चरच्या वाती आणि छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. हवा गार टायरमध्ये मोजा. ह्या टायरमध्ये हवा मोटारीच्या मानाने खूप कमी असते, त्यामुळे दोन-तीन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरकही गाडीच्या चालीत कळतो. मोटारीचा मोठा गेज ह्याला उपयोगाचा नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या.

हौद्यात वजन ठेवताना जड वस्तू खाली आणि केबिनच्या भिंतीला टेकवून. मागच्या फाळक्याकडे भार गेला की पुढची चाकं हलकी होतात, आणि चढावर सुकाणू फिरवलं तरी गाडी सरळच जाते. लाकडं फाळका पाडून बाहेर लोंबती नेण्याची सवय लावून घेऊ नका.

आता इंजिन. वरचा कागद 480 वर आला की तुम्ही निवडलेलंच पुरेल.

प्रश्न : आमचं काम मुख्यतः गोठ्याभोवती आणि शेडपासून अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत असतं. पेट्रोल, डिझेल की विजेवरची गाडी, घरात तीन मतं आहेत.

उत्तर : तुमच्या अंतराला आणि जनावरांच्या संगतीला मी विजेवरची घेईन. आवाज नाही, त्यामुळे गुरं बुजत नाहीत, आणि गोठ्यात शिरलात तरी धूर नाही. मोटरचा जोर शून्य वेगापासून मिळतो, म्हणून ओझ्यासह हळू चालवणं सोपं जातं. बेल्ट नसलेली रचना मिळाली तर एक दुखणं कमी. किती अंतर जाते हा आकडा मात्र रिकाम्या गाडीचा, सपाटीवरचा धरा. ओझं, चढ, चिखल आणि थंडी ह्या चारही गोष्टी तो खाली आणतात. तुमच्या सगळ्यात जड दिवसाच्या दुप्पट पुरेल एवढी बॅटरी बघा. लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील तर त्यांचं वजन, पाणी घालणं आणि अर्ध्याच्या खाली उतरू न देणं हे सांभाळावं लागतं. लिथियम हलकी आणि जास्त टिकते, सुरुवातीला महाग पडते.

डिझेल तुमच्याकडे ट्रॅक्टरमुळे आधीच साठवलेलं असेल आणि गाडी दिवसभर ओझं ओढणार असेल तरच. ती जड असते आणि आवाज जास्त. पेट्रोल हे ज्यांचं काम रोज वेगळं असतं त्यांच्यासाठी. टाकीत इंधन महिनोन्महिने पडून ठेवू नका, शिळं पेट्रोल इंजेक्टर चोंदवतं.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. मालक म्हणतो फार वापरलेली नाही. मीटरवर तास कमी दिसतात. आणखी काय तपासू?

उत्तर : किलोमीटर आणि तास दोन्ही वाचा आणि भागाकार करा. तासाला चार-पाच किलोमीटर निघाले तर ती गाडी इंजिन चालू ठेवून उभी असायची किंवा रांगत काम करायची. ते वाईटच असं नाही, पण मीटरवरचे किलोमीटर कमी आहेत म्हणून गाडी नवी समजू नका. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, सीटची कड आणि सुकाणूची पकड बघा. तिथली झीज आणि मीटर जुळत नसेल तर विचारा.

एअर फिल्टरचं झाकण काढून फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या नळीत पांढऱ्या कपड्याने पुसा. कपड्यावर बारीक धूळ आली तर इंजिनाने माती खाल्ली आहे, गाडी सोडून द्या. मी इथे तडजोड करत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावं-उजवं हलवा, खेळ बेअरिंगमध्ये आहे की सांध्यात ते कळेल. ॲक्सलच्या रबरी बुटांना चीर असेल तर ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. हौदा वर करून चासीचे वेल्डिंगचे सांधे टॉर्चने बघा, रंगावरून गंजाची केसाएवढी रेघ गेली असेल तर ती भेग असू शकते. इंजिन गार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

प्रश्न : गाडीला ट्रॉली जोडायची आहे. ओढण्याची क्षमता हौद्याच्या दुप्पट लिहिली आहे, म्हणजे तेवढं बिनधास्त भरावं ना?

उत्तर : सपाटीवर, कोरड्या जमिनीवर भरा. उतारावर नको. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, उतारावर ती मागून ढकलते आणि वळणावर गाडीला कातरीसारखी दुमडते. उताराच्या वाटेवर मी क्षमतेच्या निम्म्याच्या वर जात नाही, आणि लो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकतो. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या दांडीवर यावा एवढा भार पुढे ठेवा. मागे जास्त भरलं की ट्रॉली गाडीचं मागचं टोक उचलते आणि वाऱ्यावर हलल्यासारखी डोलते. दांडीवरचा भारही हौद्याच्या हिशेबात धरायचा. पिन अडकवली की तिची क्लिप लावा, आणि सुरक्षेची साखळी दांडीखालून फुलीसारखी आडवी नेऊन जोडा, म्हणजे पिन निघाली तरी दांडी जमिनीत घुसायच्या आधी साखळीवर टेकते.